मुंबईचं बोलावणं, ऐन मैदानांच्या हंगामात

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख कळू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत)

पत्र लिहिणारे छत्तीस वर्षांचे आहेत. सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतात. दिवसा पतसंस्थेत क्लार्क, पगार चोवीस हजार. संध्याकाळी गावच्या केबल वाहिनीवर दहा मिनिटांच्या खेळाच्या बातम्या देतात. जवळच्या आकाशवाणी केंद्रावर नैमित्तिक उद्घोषक म्हणून महिन्याला पाच-सहा ड्युट्या मिळतात. हिवाळ्यात कबड्डीच्या स्पर्धा आणि यात्रांच्या दिवसांत कुस्तीची मैदानं, असं बारा वर्षं माईकवर चाललंय.

आता मुंबईच्या एका निर्मिती संस्थेनं त्यांना एका मोठ्या क्रिकेट स्पर्धेच्या मराठी समालोचनासाठी विचारलंय. मार्च ते मे, सुमारे चाळीस सामने, सामन्याला सहा हजार, करार एका हंगामापुरता. पतसंस्था एवढी रजा देणार नाही, म्हणजे राजीनामा. वडील म्हणतात, "तोंडाच्या वाफेवर चूल पेटत नाही." ते स्वतः लिहितात: "गावात राहून बारा वर्षं वाया घालवली. आता नाही तर कधीच नाही. पण मी साधा रणजीसुद्धा खेळलेलो नाही, आणि माझी बोली इकडची. तिकडे हसतील." खाली ताजा कलम: एका ॲपवाल्यांचा फोन आला होता. रात्रीची टेनिस बॉल लीग, घरबसल्या स्क्रीनवर बघून बोलायचं, दिवसाला पाच हजार रोख. "तोवर हे करू का?"

उत्तर

नमस्कार,

तुमच्या ताज्या कलमापासूनच सुरुवात करते, कारण बाकी सगळं पत्र तुम्ही विचार करकरून लिहिलंय आणि ही दोन वाक्यं मात्र सहज टाकून दिली आहेत.

2022 च्या जुलैमध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात मोलिपूर नावाच्या गावात पोलिसांनी एक बनावट 'आयपीएल' पकडली. शेतात खेळपट्टी केलेली, दिवे लावलेले, कॅमेरे लावलेले. शेतमजूर आणि रिकामी पोरं सामन्याला चारशे रुपयांवर टी-शर्ट बदलून वेगवेगळ्या संघांतून खेळत होती. पंचांना वॉकीटॉकीवरून सांगितलं जाई की आता चौकार हवा, आता विकेट हवी. हे सगळं यूट्यूबवरून रशियातल्या सट्टेबाजांना दाखवलं जात होतं. आणि त्या शेतातल्या क्रिकेटला हर्षा भोगले यांच्या आवाजाची नक्कल करणारा एक समालोचक होता. खोटं खरं वाटायला जे जे लागलं, त्यात त्याचा आवाजही होता.

तुम्हाला फोन करणारे तसलेच असतील असं मी म्हणत नाही. पण मैदान कुठलं, आयोजक कोण, खेळाडू कुठले, पैसे बँकेतून का नाहीत, हे चार प्रश्न त्यांना विचारा आणि उत्तरं लेखी मागा. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा केलाय, त्यामुळे समालोचन करता करता ॲपचं नाव घ्यायला सांगणारा माणूस तुम्हालाही त्यात ओढतोय. शिवाय तुमची सगळी पत वस्तादांच्या आणि यात्रा कमिटीच्या विश्वासावर उभी आहे. "निकाली कुस्ती आहे" असं तुम्ही माईकवरून सांगता तेव्हा लोक ते खरं धरतात. पाच हजारात ते विकू नका. फोन परत आला आणि ही उत्तरं लेखी मिळाली नाहीत, तर नाही म्हणून मोकळे व्हा.

आता मोठ्या प्रश्नाकडे येऊ.

"बारा वर्षं वाया घालवली" हे वाक्य मी थांबून परत वाचलं. त्याआधीच्या परिच्छेदात तुम्हीच लिहिलंय की तुमच्याकडे पैलवानांची वही आहे: कोण कुठल्या तालमीतला, वस्ताद कोण, कुठल्या मैदानात कुणाला कुठल्या डावावर चितपट केलं, कोणाचा खांदा उतरला होता आणि तो परत कधी उभा राहिला. ही वही मुंबईत कुणाकडेही नाही. आखाड्यात दोन तुल्यबळ मल्ल वीस वीस मिनिटं एकमेकांच्या मानेवर हात टाकून उभे असतात, घिस्सा किंवा ढाक, कुठलाच डाव बसत नाही, हलगीवालाही दमतो. तेव्हा पाच-दहा हजारांची माणसं जागेवर धरून ठेवायची म्हणजे या पोराचा आजोबा कुणाशी लढला होता हे सांगावं लागतं. कोथळीच्या शंकरअण्णा पुजारींनी आयुष्यभर हेच केलं, आणि दक्षिण महाराष्ट्रात त्यांचा आवाज भोंग्यावर आला की माणसं भाकरी गुंडाळून मैदानाकडे निघायची. त्यांना कुणी 'स्थानिक निवेदक' म्हणून कमी लेखल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. वि. वि. करमरकरांनी मराठी वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर कबड्डी-खोखोला मानाची जागा दिली, ती हे खेळ दिल्ली-मुंबईला आवडतात म्हणून दिली नव्हती. ते आपल्या वाचकाचे खेळ होते.

मुंबईला जाऊ नका असं मी सुचवत नाहीये. पण तुमच्या मनात एक शिडी आहे. खालच्या पायरीवर यात्रेचं मैदान, मग केबल, मग आकाशवाणी आणि सगळ्यात वर क्रिकेटचा स्टुडिओ. ही शिडी तुम्हाला कुणी दिली? खेळाच्या प्रसारणाच्या बाजारात पैसा तसा वाटला जातो हे खरं. पण कामाची कसोटी त्याच क्रमानं लागत नाही. रेडिओवर ऐकणाऱ्याला गुणफलक दिसत नाही, मैदान दिसत नाही, पोरगं कुठल्या बाजूनं चढाईला गेलं ते दिसत नाही. सगळं तुम्हालाच उभं करावं लागतं. टीव्हीवर चित्र समोर असतं, तिथं गप्प कधी बसायचं हे कळणारा माणूस लागतो. ऑस्ट्रेलियाचे रिची बेनॉ त्या गप्प बसण्यासाठीच गाजले. तुम्ही या दोन्ही गोष्टी आठवड्याला करता. एकाच वेळी दोन्ही करणारे फार नाहीत.

आता "रणजीसुद्धा खेळलेलो नाही" याबद्दल. हर्षा भोगलेही प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळलेले नाहीत. मराठी घरातला हा मुलगा हैदराबादला वाढला, एकोणिसाव्या वर्षी तिथल्या आकाशवाणीवर समालोचन करू लागला. दरम्यान केमिकल इंजिनीअर झाला, अहमदाबादच्या आयआयएममध्ये गेला, जाहिरात क्षेत्रात नोकरी केली. 1991-92 च्या भारताच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात तिथल्या एबीसी रेडिओवर बोलायला मिळालं आणि मग पुढचा रस्ता उघडला. यातला नोकरीचा भाग लोक गोष्ट सांगताना गाळतात, तो तुम्ही गाळू नका. समालोचन कक्षात दोन कामं असतात. एक जण खेळ पुढे नेतो, दुसरा माजी खेळाडू असतो आणि तो चेंडू का वळला ते सांगतो. तुमचं काम पहिलं आहे. माजी खेळाडूशी तुमची स्पर्धाच नाही, उलट त्याला बोलतं करायचं काम तुमचं. बारा वर्षं तुम्ही मैदानाच्या कडेला वस्तादांना बोलतं करताय, आणि वस्ताद मंडळी माईक पुढे धरला की किती बोलतात हे सगळ्यांना ठाऊक आहे.

याच भोगल्यांना 2016 च्या आयपीएलच्या तोंडावर समालोचनातून अचानक वगळलं गेलं. 2020 मध्ये संजय मांजरेकरांना बीसीसीआयच्या समालोचकांच्या यादीतून बाहेर ठेवलं. दोघंही पुढे पुन्हा माईकवर दिसले, पण या धंद्यात देशातलं सर्वांत ओळखीचं नावसुद्धा हंगामी कामगारच असतं, एवढं त्यातून ध्यानात घ्या. तुमचे वडील तोंडाच्या वाफेबद्दल जे म्हणतात, ते तुमच्या गुणांबद्दल नाही. ते या धंद्याबद्दल आहे, आणि त्यात ते चुकलेले नाहीत.

म्हणून हिशेब मांडू. सामन्याला सहा हजार, चाळीस सामने: दोन लाख चाळीस हजार. समालोचकाचं मानधन प्राप्तिकराच्या लेखी व्यावसायिक शुल्क ठरतं, त्यातून दहा टक्के टीडीएस कापून हातात दोन लाख सोळा हजार येतील. (कापलेले पैसे विवरणपत्र भरल्यावर तुमच्या एकूण उत्पन्नाप्रमाणे परत मिळू शकतात, पण ते पुढच्या वर्षी.) मुंबईत अडीच महिने राहणं-खाणं-प्रवास त्यांनी दिला नाही, तर साठ-सत्तर हजार गेलेच समजा. उरले दीड लाखाच्या आसपास. पतसंस्थेच्या सहा महिन्यांच्या पगाराएवढे. वर्षाचे उरलेले साडेनऊ महिने काय, हे करारात कुठेच नाही.

आणि एक खर्च तुमच्या पत्रात मांडलेलाच नाही. मार्च ते मे म्हणजे चैत्र-वैशाख, म्हणजे यात्रा, म्हणजे कुस्ती मैदानं. तुमचा भरगच्च हंगाम नेमका तोच. त्या दिवसांत मैदानाच्या निवेदनाचं मानधन जातंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे यात्रा कमिट्या दुसरा निवेदक शोधतात, आणि कमिटीला एकदा सवय झाली की पुढच्या वर्षी बोलावणं त्यालाच जातं. बुडणाऱ्या मैदानांची यादी करून रक्कम लिहून काढा. मला वाटतं, तो आकडा बघून तुम्हीच चकित व्हाल.

मुंबईत काम कसं असेल याचीही कल्पना करून ठेवा. प्रादेशिक भाषांचं बहुतेक समालोचन मैदानावरून होत नाही. स्टुडिओत, कानाला हेडफोन, समोर मॉनिटर, आणि कॅमेरा जे दाखवेल तेवढंच तुम्हाला दिसतं. क्षेत्ररक्षण बदललं तरी ते पडद्यावर येईपर्यंत कळत नाही. कानात निर्माता बोलत असतो, मधूनच प्रायोजकाची ओळ वाचायची असते. 2023 मध्ये जिओसिनेमानं आयपीएल बारा भाषांत दाखवली, त्यात मराठी होती. तेव्हापासून असं काम वाढलंय ही चांगली गोष्ट आहे, पण मैदानाचा वास आवडणाऱ्या माणसाला ते आवडेलच असं नाही. घरी एक चाचणी करा. टीव्हीचा आवाज बंद करून एक पूर्ण टी-ट्वेंटी सामना पहिल्या चेंडूपासून शेवटपर्यंत बोला, मोबाईलवर रेकॉर्ड करा, आणि दोन दिवसांनी पंधरावं षटक ऐका. पहिलं षटक सगळ्यांचंच बरं होतं. पंधराव्यात शब्द संपलेत का, तेच विशेषण किती वेळा आलंय, आणि मुख्य म्हणजे तुम्हाला मजा आली का, ते तिथे कळेल. कुस्ती-कबड्डीचा माणूस क्रिकेटला बोलावलाय तो कदाचित आवाजासाठी. तुमचा जीव त्यात आहे की नाही, हे त्यांनी विचारलेलं नाही आणि तुम्हीही पत्रात सांगितलेलं नाही.

बोलीबद्दल फार लिहीत नाही. उच्चार स्पष्ट हवेत, वाक्य पूर्ण व्हावं, खेळाडूंची नावं बरोबर घ्यावीत. विशेषतः परप्रांतीय आणि परदेशी नावं, त्यासाठी त्या खेळाडूनं स्वतःचं नाव उच्चारलेली मुलाखत शोधून ऐकायची सवय लावा. एवढं झालं की हेल तुमचा राहू दे. हसणारे पहिला आठवडा हसतात. त्यांनी तुमचं काम ऐकूनच बोलावलंय, म्हणजे त्यांना हेल ठाऊक आहे.

तुम्ही दोनच वाटा धरून बसलात: राजीनामा किंवा नकार. मधल्या वाटा आहेत. निर्मिती संस्थेला विचारा, सगळे चाळीस नकोत, शनिवार-रविवारचे आणि सुट्टीचे मिळून पंधरा देता का? अशा कामात एका भाषेला एकच चमू नसतो, आलटून पालटून बसवतात. त्यामुळे हा प्रश्न विचारण्यात वावगं काही नाही. पतसंस्थेच्या चेअरमनकडे तोंडी न जाता लेखी अर्ज द्या, बिनपगारी रजेचा. गावचा माणूस टीव्हीवर बोलणार याचं त्यांनाही अप्रूप असतं. नाही म्हणाले तर नाही, पण तुम्ही अजून विचारलेलंच नाही, "देणार नाहीत" असं धरून चाललाय.

आणि गावात राहून वाढायला जागा नाही, हेही मला पटत नाही. खासगी एफएम वाहिन्यांना बातम्यांवर बंधनं आहेत, पण 2011 च्या धोरणात स्थानिक स्वरूपाच्या खेळांचं थेट समालोचन करायला मुभा ठेवली आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी किती वाहिन्यांनी ती वापरली? कबड्डीच्या जिल्हा स्पर्धेचा शेवटचा दिवस थेट ऐकवू, असा प्रस्ताव एका पानात लिहून तुम्ही घेऊन जाऊ शकता, आणि प्रायोजक म्हणून तुमच्या ओळखीचा खतविक्रेता किंवा दूधसंघ पुढे येऊ शकतो. केबल वाहिनीचा प्रेक्षक फोनकडे सरकलाय हे तुम्ही लिहिलंयच. मग स्वतःच्या नावाचं यूट्यूब पान काढा, पण त्यावर नुसत्या सामन्यांच्या फिती टाकू नका, ते सगळेच करतात. त्या वहीतले पैलवान आणि वस्ताद एकेक करून बोलते करा. प्रो कबड्डी 2014 ला सुरू झाली, त्याआधी कबड्डीच्या मुलाखती कोण बघत होतं? 2025 च्या जानेवारीत दिल्लीत खोखोचा पहिला विश्वचषक झाला, दोन्ही गटांत भारत जिंकला आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. या खेळांना मोठा पडदा मिळतोय, तेव्हा लोण, चढाई, पाठलाग हे सगळं अंगात मुरलेला समालोचक शोधत माणसं येतील. तेव्हा तुमच्या कामाचे नमुने नीट साठवलेले हवेत. केबलवाल्यांनी जुनी रेकॉर्डिंग पुसून टाकायच्या आधी स्वतःच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. याच आठवड्यात.

एवढं करून मुंबईचं काम घ्यायचं ठरलं, पूर्ण किंवा अर्धं, तर करारावर सही करण्याआधी काही गोष्टी बघा. "सुमारे चाळीस" याला अर्थ नाही, किमान किती सामन्यांचे पैसे नक्की मिळणार ते आकड्यात हवं. पावसानं सामना गेला, किंवा तुम्ही स्टुडिओत पोचून बसलात आणि तुम्हाला माईक दिलाच नाही, तरी पैसे मिळणार का? मानधन किती दिवसांत? हंगामभर दुसरीकडे बोलायचं नाही अशी अट असेल तर ती हंगाम संपताच संपते का, आणि आकाशवाणीच्या ड्युट्या त्यातून वगळल्यात का? तुमच्या कामाचा छोटा नमुना स्वतःच्या ओळखीसाठी वापरायची परवानगी लेखी घ्या. आणि एक नवं कलम हल्ली दिसतं, बारीक अक्षरात: तुमच्या आवाजावरून यंत्रानं तयार केलेला आवाज वापरायचा हक्क. ते कलम खोडायला सांगा. खोडत नसतील तर त्याचे वेगळे पैसे आणि मुदत मागा, आणि तालुक्याच्या वकिलाला पाचशे-हजार देऊन सगळा कागद एकदा वाचून घ्या. सही करून टाकलेला करार मागाहून वकिलाकडे नेणारे वाचक या सदराला नेहमी लिहितात.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मी राजीनामा देणार नाही. पंधरा सामने मागेन, बिनपगारी रजा मागेन, आणि चैत्रातली मोठी तीन-चार मैदानं तारखांसह करारातून बाजूला काढून ठेवेन. दोघांनीही नाही म्हटलं तर यंदा नाही म्हणेन, पण त्यांच्याशी ओळख ठेवून, आणि "कबड्डी किंवा खोखोचं काही असेल तर आधी मला सांगा" असं लिहून. छत्तीस हे या धंद्यात वय नाही. आवाज पन्नाशीपर्यंत पिकतच जातो, घसा मात्र सांभाळा. यात्रेत सलग सहा-सात तास भोंग्यावर ओरडण्यापेक्षा आयोजकांकडून ध्वनियंत्रणा बरी मागा, आणि मैदान रंगल्यावर आवाज चढवा, पहिल्याच जोडीला नको.

एक शेवटचं. एवढ्या लांब पत्रात तुमच्या पत्नीचा उल्लेख एकदाच आहे: "ती काही म्हणत नाही." त्या शाळेत शिकवतात आणि घराचा हप्ता त्यांच्या पगारातून जातो, असंही तुम्ही त्याच ओळीत लिहिलंय. वर मांडलेला हिशेब, बुडणाऱ्या मैदानांच्या आकड्यासकट, एका कागदावर काढा आणि निर्मिती संस्थेला फोन करण्याआधी त्यांच्यासमोर ठेवा. तुम्ही अडीच महिने नसताना घरात काय काय अंगावर पडेल ते त्यांना त्याच कागदाच्या मागच्या बाजूला लिहू द्या.